उशिरा आणि कमी दाबाने

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २७ वर्षांची, सिव्हिल इंजिनिअर, घर कोथरूडला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नोकरी सोडून एका संस्थेबरोबर युगांडाला गेले आणि लुवेरो जिल्ह्यातल्या एका गावात ११ महिने राहिले. बंद पडलेले हापसे दुरुस्त करायचे आणि गावाची पाणी समिती पुन्हा उभी करायची, असं काम होतं. पहिले दोन महिने मी फक्त रांगेत उभी राहिले. कोण किती फेऱ्या मारतं, कोणाचा नंबर कधी लागतो, तेवढंच वहीत लिहायचे. लोक बोलायला लागले ते त्यानंतर.

मार्चमध्ये परत आले. तेव्हापासून इथे कशातच मन लागत नाही. तिथं वीस लिटरच्या एका पिवळ्या कॅनसाठी आठ-नऊ वर्षांची पोरं तासभर रांगेत असायची. इथे सकाळी साडेसहाला पाइप लावून गाड्या धुतात, गच्चीवरची टाकी रोज वाहते आणि आई रात्रीचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतते. आल्यावर तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मी फोटो टाकले आणि लांबलचक लिहिलं. सेक्रेटरी काकांनी उत्तर दिलं, "बेटा, टँकरचे पैसे आम्ही भरतो." त्यावर मी जे लिहिलं ते आता मलाच वाचवत नाही. बाबा तेव्हापासून खाली फिरायला जात नाहीत.

घरी रोज खटके. कामाच्या मावशी उशिरा आल्या की आई कुरकुरते, पाणी उशिरा आलं हे त्यांचं नेहमीचं कारण. आजी पानशेतच्या पुराच्या त्याच त्या गोष्टी सांगत बसते. परवा आई म्हणाली, "तिकडच्या बायांची नावं तुला पाठ आहेत आणि शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं, ते तुला माहीत नाही."

पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या समितीच्या सचिव बाईंचा व्हॉइस मेसेज आला. नोव्हेंबरमध्ये आम्ही दुरुस्त केलेला हापसा पुन्हा बंद पडलाय, पाइप गंजून गळालाय, पैसे पाठव. नोव्हेंबरमध्ये आम्ही वायसर, साखळी, बेअरिंग बदललं होतं, पाइप जुनेच ठेवले होते. सकाळचे पहिले दोन-तीन कॅन तांबडे यायचे, त्या पाण्याचा चहा काळा पडायचा. मला शंका होती, पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, मी बोलले नाही. आता रात्री तो मेसेज ऐकते आणि मोबाइल उलटा ठेवून देते. उत्तर दिलेलं नाही. पैसे पाठवू का? परत जाऊ का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— एक वाचक, कोथरूड

*

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या बाईंना उत्तर दे. हे पत्र पुढे वाचण्याआधी दिलंस तरी चालेल. पैशांचं काय करायचं ते आपण पुढे पाहू, पण पंधरा दिवसांचं मौन हेच आत्ता तुझ्या हातून होणारं सगळ्यात वाईट काम आहे. तू मेसेज ऐकलास, हे त्यांना तिकडे दिसतंय. तू रोज रात्री तो पुन्हा पुन्हा ऐकतेस, हे मात्र दिसत नाही. त्यांना एवढंच कळतं, की अकरा महिने आपल्या घरी जेवलेली मुलगी गेली आणि बदलली.

आणि एक गोष्ट समजून घे. त्या सचिव आहेत. हापसा बंद पडला की जिथून जिथून मदत मिळू शकेल तिथे निरोप धाडायचा, हे त्यांचं काम आहे आणि ते त्या चोख करताहेत. त्यांनी गावच्या मेकॅनिकला फोन केला असेल, सरपंचासारखा जो कोणी असेल त्याला गाठलं असेल, चर्चमध्ये सांगितलं असेल. त्यांच्या यादीत तू एक नाव आहेस. सगळं गाव फक्त तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलंय, हे चित्र तुझ्या अपराधी मनाने काढलेलं आहे.

तुझ्या पत्रातला हापशाचा भाग मी माझ्या एका मैत्रिणीला वाचून दाखवला. तिची सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. ऐकता ऐकताच तिने विचारलं, "तांबडं पाणी दिवसभर येतं, की सकाळीच?" सकाळचे पहिले दोन-तीन कॅन, असं तू लिहिलंयस. ती म्हणाली, मग दोष पाइपचाच. जमिनीतल्या पाण्यातच लोह असतं तर कितीही हापसलं तरी रंग फारसा बदलला नसता. रात्रभर पाइपमध्ये उभं राहिलेलं पाणी तांबडं आणि उपसा सुरू झाल्यावर निवळ, याचा अर्थ पाणी किंचित आम्लधर्मी आहे आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला ते आतून खातंय. अशा पाण्यात पुन्हा तसलेच पाइप सोडले तर नवे पाइपही काही वर्षांत गळतील. तिथे स्टेनलेस स्टीलचे नाहीतर त्या खोलीला चालतील असे प्लॅस्टिकचे पाइप लागतात. म्हणजे तू आज घाईने पैसे पाठवलेस आणि त्यांनी बाजारात मिळतील ते पाइप बसवले, तर आणखी काही पावसाळ्यांनी हाच मेसेज पुन्हा येईल.

त्यामुळे उत्तरात तीन गोष्टी विचार. मेकॅनिकने पाइप वर काढून पाहिलेत का आणि काय काय बदलायचं ते लिहून दिलंय का? समितीच्या पेटीत किती पैसे आहेत? उपजिल्ह्याच्या कचेरीला आणि जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याला कळवलंय का? तिथली व्यवस्था तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रोजची देखभाल गावाने वर्गणीतून करायची आणि गावाला न झेपणारं मोठं काम जिल्ह्याने हाती घ्यायचं, अशी ती कागदावर तरी आहे. गंजलेली अख्खी पाइपलाइन बदलणं हे काही पेटीतल्या वर्गणीचं काम नव्हे.

पेटी रिकामी असली तर त्याचं नवल वाटून घेऊ नकोस. मार्च ते मे हा तिकडचा पहिला पावसाळा. पावसात छपराखाली भांडं ठेवलं की पाणी मिळतं, खाचरात, झऱ्यावर मिळतं. मग हापशाची वर्गणी कोण देणार? पाऊस थांबला की सगळ्यांना हापसा आठवतो, तोवर पेटीत काही साठलेलं नसतं. मराठवाड्यातल्या आणि पुरंदरच्या कितीतरी गावांत मी हे पाहिलंय. लोक बेजबाबदार असतात म्हणून असं होत नाही. हातात दोन पैसे असताना माणूस आज जे अडलंय त्यावर खर्च करतो, एवढंच. तोवर पोरांनी दलदलीतलं पाणी उकळून प्यावं, हे मात्र सचिव बाईंना स्वच्छ शब्दांत सांग. तेवढं आजच्या आज होऊ शकतं.

आता सगळ्यात अवघड भाग. तू बोलली नाहीस. तो गुंता सोडव. ज्या संस्थेबरोबर गेली होतीस तिला एक सरळ पत्र लिही: नोव्हेंबरमध्ये जुने पाइप ठेवले, पाणी तांबडं येत होतं, मला शंका होती, मी उद्घाटनाआधी ती मांडली नाही, आता पाइप गळालेत. कोणावर ठपका नको, स्वतःला कोसणंही नको. अशा पत्रांची संस्थांना गरज असते, पण ती लिहिणारे फार थोडे असतात. परतलेली माणसं एकतर कृतज्ञतेची पत्रं लिहितात, नाहीतर काहीच लिहीत नाहीत. तू अकरा महिने वही ठेवलीस, ती तारखांसह जोड. त्या जिल्ह्यात त्यांनी आणखी हापसे दुरुस्त केले असतील, तर तुझ्या एका पत्राने तिथले पाइपही कोणीतरी वर काढून बघेल.

आणि पैसे? मेकॅनिकची यादी आली, समितीने स्वतःचा वाटा किती ते ठरवलं, संस्था उरलेलं उभारतेय असं कळलं, की तूही दे. संस्थेमार्फत, पावती घेऊन, इतरांसारखा एक वाटा म्हणून. सचिव बाईंच्या मोबाइलवर परस्पर नको. त्या प्रामाणिक आहेत, म्हणूनच नको. गावात एका बाईच्या फोनवर परदेशातून पैसे आले ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे होते आणि मग पुढची चार वर्षं तिला हिशेब विचारतात. तुझ्या चांगुलपणाचा तिला त्रास व्हायला नको.

गावाने वाटा उचलावा, हे मी कोरडेपणाने म्हणत नाही. आपल्याकडे विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर-उद्योजक १९७२चा दुष्काळ पाहून हलले आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावात जाऊन राहिले. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः घालायचा. दुष्काळात पिचलेल्या माणसांकडून पैसे मागणं निर्दय वाटेल, पण ज्याने पैसे घातले तो बैठकीत उभा राहून 'माझं पाणी कुठंय' असं विचारू शकला. फुकटच्या नळाखाली उभं राहून हे कोणी विचारत नाही.

एक गोष्ट तुला कदाचित कोणी सांगितली नसेल. युगांडात ज्याला 'यू-टू' म्हणतात तो हापसा मूळचा आपला 'इंडिया मार्क-टू'. त्याचं कूळ महाराष्ट्रातलं. साठच्या दशकात कातळात विंधनविहिरी घ्यायला सुरुवात झाली तेव्हा ओतीव लोखंडाचे नाजूक पंप गावाच्या वापराला टिकेनात. दिवसभर शंभर हात त्या दांड्याला लागणार. तेव्हा जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्या सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात सरकार आणि युनिसेफने मार्क-टू घडवला. तिथून तो आफ्रिकेत गेला. लुवेरोच्या तांबड्या रस्त्यांना तिथे मरम म्हणतात, असं मी ऐकलंय. आपला मुरूमच तो, ऐकताच ओळखीचा वाटतो. त्या मुरमात उभं राहून तू ज्या दांड्याला लोंबकळलीस, त्याची पहिली दुरुस्ती सोलापूर-जालन्याच्या गावांत झाली. आणि पन्नास वर्षांनंतरही आपल्याच कितीतरी गावांत तो साखळी तुटलेल्या अवस्थेत उभा आहे, कारण पंप आपण घडवला, त्याला तेल कोणी घालायचं ते मात्र अजून नीट ठरलेलं नाही. तू तिथं जे शिकलीस, त्याची गरज इथेही आहे, पुण्यापासून तासाभरावर. राजगड तालुक्यातल्या, आपल्या जुन्या वेल्ह्यातल्या, धरणालगतच्या गावांना विचार. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण त्यांना शिकवावी लागत नाही.

आता घराकडे वळू. माझं मन तुझ्या पत्रातल्या याच भागाशी जास्त अडकलं.

१९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन उरकून माणसं झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. मी तेव्हा तुझ्याच वयाची होते. सास्तूरला गेले, दिवाळीपर्यंत तिथे राहिले. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात परत आले. दारात रांगोळी, आतून चकलीच्या तळणीचा वास. मी पायातल्या चपलाही न काढता आईवर ओरडले. काय ओरडले ते सगळ्या वाड्याने ऐकलं. आई काही बोलली नाही. संध्याकाळी समोरच्या काकू पिशवीत फराळाचे चार डबे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ट्रक कधी जाणार? आणि लहान मुलांचे स्वेटर कुठल्या मापाचे लागतील ते सांग, मी विणते." मी गप्प झाले. दीड महिना त्या वाड्यातल्या बायका वाट पाहत होत्या, की मी येईन आणि काय हवंय ते सांगेन. त्यांना यादी हवी होती आणि मी त्यांना राग दिला होता.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलंय: पहिले दोन महिने मी फक्त रांगेत उभी राहिले. आणि त्याच पत्रात खाली: आल्यावर तिसऱ्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं. परक्या गावाला तू साठ दिवस दिलेस. आपल्या सोसायटीला तीन. तिथल्या बायका एका कॅनचं पाणी कशा पुरवतात हे पाहताना तुझ्या मनात कुतूहल होतं, आई पाणी ओतते तेव्हा मात्र संताप. मी तुला दोष देत नाही, जवळच्या माणसांबाबत आपलं सगळ्यांचंच असं होतं. पण तुला जमतं कसं ते तू दाखवून दिलंयस, म्हणून सांगते: घरी आलीस तीसुद्धा नव्या गावात आल्यासारखी ये. वही काढ. रांगेत उभी राहा.

सुरुवात कुठून करायची तेही तूच लिहून गेलीस, ओझरतं. कामाच्या मावशी उशिरा येतात, 'पाणी उशिरा आलं हे त्यांचं नेहमीचं कारण'. कारण! अगं, लुवेरोत एखादी बाई समितीच्या बैठकीला उशिरा आली आणि पाण्याला गेले होते म्हणाली, तर तू ते वहीत लिहिलं असतंस. मावशी कुठे राहतात ते तू लिहिलेलं नाहीस. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहत असतील तर वरच्या आळीपर्यंत पाणी चढायला किती वेळ लागतो ते त्या सांगतील. शहराच्या कडेला कुठे राहत असतील तर टँकर कोणत्या चौकात थांबतो आणि ड्रम कोण कोणाचा पुढे सरकवतं, ते सांगतील. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने', हे आपण पेपरात वाचून पान उलटतो. त्यांचा शुक्रवार कसा जातो, ते विचार. उपकार म्हणून नाही, तिथे विचारायचीस तसंच, ओट्यावर शेजारी बसून.

आजीजवळही बस. त्याच त्या गोष्टी म्हणतेस, पण तू त्या कधी पाण्याच्या कामातली बाई म्हणून ऐकल्यास का? १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. पुराने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या हे सगळे सांगतात. पण धरणंच गेली म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी गेलं. पाणी ओसरल्यावरची ती आठवड्यामागून आठवड्यांची टंचाई, विहिरी, हौद, कळश्यांच्या रांगा, हे बायकांच्या आठवणीत आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पेठापेठांतल्या हौदांत पाणी आणलं, ते हौद तिच्या लहानपणी कुठे कुठे चालू होते, तेही विचार. पाणी कुठून आणलं, कोणी भरू दिलं, कोणी अडवलं, हे विचारलंस तर ती नवीन गोष्ट सांगेल. तुझ्या घरात रांगेत उभी राहिलेली एक बाई आहे आणि तू तिला सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकत बसलीस.

आई पाणी ओतते त्याचंही तसंच. रोज घागर घासून ताजं भरायचं, ही तिच्या आईने दिलेली स्वच्छतेची शिस्त आहे. तिला ती चूक वाटत नाही आणि तू ओरडून वाटणारही नाही. रात्रीची भांडी तू स्वतः उचल, त्यातलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घाल, भांडी घासून ताजं भरून ठेव. आठ दिवसांनी ती आपणहून बादली बाजूला काढून ठेवेल. नाही ठेवली, तरी तुम्हा दोघींत सकाळचं भांडण होणार नाही.

सेक्रेटरी काकांकडे जा. घरी जा, ग्रुपवर नको. आधी माफी माग, पुढे 'पण' न जोडता. बाबांना सांगून जा, जमलं तर बरोबर घेऊन जा. त्यांचं खाली जाणं तुझ्यामुळे थांबलंय, ते तूच सुरू करू शकतेस. आणि काकांचं वाक्य पुन्हा ऐक: टँकरचे पैसे आम्ही भरतो. तुला त्यात मिजास ऐकू आली. मला त्यात दर महिन्याला बिलं चुकती करून थकलेला माणूसही ऐकू येतो. त्याला विचार, किती टँकर येतात, कोण मोजतं, पाणी तपासून घेता का? २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण निघाले आणि पाण्याचे नमुने दूषित सापडले, तेव्हापासून हा प्रश्न कोणत्याही सोसायटीत कोणाला आगाऊ वाटत नाही.

गच्चीवरची टाकी का वाहते, ते वॉचमनला ठाऊक असतं. मोटार तो लावतो, त्याच वेळी गेट उघडायचं असतं, कुरिअर घ्यायचं असतं. एक महिना त्याच्याबरोबर रोज दहा मिनिटं बस. मोटार कधी लावली, कधी बंद केली, टाकी किती वेळ वाहिली, ते लिही. गाड्या धुण्याच्या पाइपखाली एकदा बादली लावून घड्याळ बघ. एक बादली किती सेकंदांत भरली आणि पाइप किती मिनिटं चालू होता, एवढे दोन आकडे पुरे. महिन्याने काकांना एक पान दे. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट बसवायला फार खर्च येत नाही. तू इंजिनिअर आहेस, बसवून दे. फोटो, आफ्रिकेतली पोरं, यांचा उल्लेख नको. त्या पोरांना आपल्या पार्किंगमधल्या भांडणात साक्षीदार म्हणून उभं करणं मला बरोबर वाटत नाही.

परत जाऊ का, या प्रश्नाला मी आज तरी नाही म्हणेन. तुझं तिथं काही अडलेलं नाही आणि तिथल्यांचं तुझ्यावाचून अडू नये, हेच तर काम होतं. एखाद्या ठरावीक कामासाठी त्यांनी बोलावलं, उदाहरणार्थ पाण्याची आम्लता मोजून कुठल्या हापशाला कुठले पाइप हा तक्ता करायचा आहे, तर जरूर जा, तिथली भाषा अजून पक्की करून जा. इथे घुसमटतं म्हणून जाणं, हे त्या गावावर टाकलेलं ओझं होईल. चार आठवड्यांसाठी जाऊन शाळेची भिंत रंगवून येणाऱ्यांत तू नाहीस, म्हणून तुला हे सांगवतं.

नोकरी आत्ता मिळेल ती घे, सहा महिने घरात पगार येऊ दे. आईबाबांचा जीव भांड्यात पडेल आणि तुझं डोकंही दिवसाचे आठ तास दुसरीकडे लागेल. याच पाण्यात पुढचं आयुष्य घालवायचं ठरलं, तर पुण्यासारखी जागा नाही. भूजलाचं शास्त्र गावकऱ्यांच्या भाषेत शिकवणारी 'ॲक्वाडॅम' इथे आहे, पाणलोटाचं काम करणारी 'वॉटर' इथे आहे, मुळा-मुठेच्या काठी चालत नदी शिकवणारी 'जीवितनदी' इथे आहे. पगार कमी असेल, हे आधीच घरी बोलून ठेव.

परतणं हे एका दिवसात होत नाही गं. विमान उतरलं की माणूस आला, असं सगळ्यांना वाटतं. बंदनंतर नळाला पाणी येतं, तसं ते असतं: उशिरा आणि कमी दाबाने. आधी हवा येते, मग गढूळ, मग धार. तुला दोन-अडीच महिने झालेत. कशातच मन लागत नाही, हे आणखी महिनाभर असंच राहिलं तर समुपदेशकाकडे जा, तेव्हा उगाच वाट पाहत बसू नकोस. तुझ्याबरोबर गेलेल्यांपैकी जे परतलेत, त्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी बोल. त्या बोलण्यात काही समजावून सांगावं लागत नाही, ती विश्रांती घरचे कितीही प्रेमाचे असले तरी देऊ शकत नाहीत.

शेजारच्या काकूंना भेटून ये. ऑपरेशन कसलं होतं ते आईला आधी विचारून जा.

तुझी,
ताई

ता. क. – कधीही ताप आला, अगदी साधा वाटला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि 'मी मार्चपर्यंत युगांडात होते' हे पहिलं वाक्य बोल. तिथला मलेरिया घरी परतल्यावरही डोकं वर काढू शकतो आणि तो अंगावर काढायचा आजार नव्हे. तळ्यात, दलदलीत, झऱ्यात पाय घालून काम केलं असशील, आणि ते केलंच असशील, तर बिल्हार्झियाची (गोड्या पाण्यातून कातडीवाटे शरीरात शिरणाऱ्या कृमींच्या आजाराची) तपासणी करून घ्यायची आहे, हेही स्वतःहून सांग. हा आजार आपल्याकडे सहसा दिसत नाही, त्यामुळे तू सांगितल्याशिवाय तो डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं नाही. या तपासणीसाठी संपर्कानंतर काही आठवडे जावे लागतात, ते आता गेलेत. या आठवड्यातच जा.